दिवसाला एक मिलिमीटर

"नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तेव्हा घाई करून उपयोग नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आमच्या भावजींनी घरी आल्याआल्या फूटपट्टी काढली. मनगटापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत १८ सेंटीमीटर, म्हणजे १८० दिवस, त्यात नस वाढायला लागायच्या आधीचा महिनाभर धरा. "म्हणजे गणपतीपर्यंत हा असाच हात धरून बसणार?" सासूबाई म्हणाल्या. भावजी इंजिनियर माणूस, त्यांना उत्तर मिळालं की विषय संपतो. मला मात्र तो एक मिलिमीटर छळत राहिला. एकच का? दहा का नाही? मी बायोकेमिस्ट्री शिकलेय, एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी करते, पण नसेच्या आत सामान कसं जातं हे कॉलेजात अर्ध्या पानात उरकलं होतं, परीक्षेला येत नाही म्हणून कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. तर मग रात्री भांडी आवरली की वाचत बसायला लागले, आणि त्यातलंच हे सगळं.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगते. बडोद्यात उत्तरायण दोन दिवसांचं असतं, १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशी वाशी. आमच्यासारख्या मराठी घरांत सकाळी तिळगूळ आणि दुपारी गच्चीवर उंधियुं-जिलेबी, दोन्ही लागतं, एकावर भागत नाही. वाशीच्या संध्याकाळी भावजी स्कूटरवरून परत येत होते, स्कूटरला पुढे ती सळईची कमान बसवलेली होती, तरी कापलेल्या पतंगाची दोरी बाजूने आली, गळ्याशी येतीये असं वाटून त्यांनी हात वर केला आणि गळ्यावरचं मनगटावर निभावलं. नायलॉनच्या दोरीवर २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे, तरी दर जानेवारीत ती आभाळात असतेच. दोन टेंडन आणि मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना जाणीव देणारी नस, आरपार. ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली झालं, केसापेक्षा बारीक दोऱ्याने नस शिवली.

आता इथे माझी पहिली गंमत झाली. मला वाटत होतं नस शिवली म्हणजे वायर जोडली, करंट सुरू. तसं नसतं. शिवतात ते फक्त बाहेरचं आवरण. आतले हजारो ॲक्सॉन, म्हणजे न्यूरॉनचे, म्हणजे नसेच्या पेशीचे, ते लांबच लांब धागे, ते कोणी शिवत नाही, शिवता येतच नाहीत. कापल्या जागेच्या पुढचा, बोटांकडचा सगळा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर नावाच्या माणसाने हे १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं होतं. मग मागच्या, अजून जिवंत असलेल्या टोकातून नवा धागा फुटतो आणि रिकाम्या झालेल्या त्या जुन्या वाटेने बोटाकडे सरकायला लागतो. शिवण्याचा उपयोग एवढाच की त्याला वाट सापडावी.

पण पुढचा भाग का मरतो? रक्त तर त्याला तिथल्या तिथे मिळतंय, ऑक्सिजन मिळतोय. याचं उत्तर कळलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ फोन खाली ठेवून बसले. बोटाच्या शेंड्याला जाणीव देणाऱ्या न्यूरॉनचं मुख्य शरीर, जिथे त्याचं केंद्रक असतं आणि प्रोटीन बनवायची जवळजवळ सगळी सोय असते, ते बोटात नसतं, हातातही नसतं. ते मानेत असतं, मणक्याला लागून. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नसतं, आणि त्यातून निघालेला धागा खांदा, दंड, कोपर, मनगट करत बोटापर्यंत येतो, पाऊण मीटरच्या वर, एकच पेशी. लागतं ते जवळपास सगळं मानेत बनतं आणि बोटापर्यंत पाठवावं लागतं. आणि त्यातल्या काही गोष्टी फार नाशवंत. एनएमनॅट-२ नावाचं एक एन्झाइम आहे, काही तासांत संपतं, म्हणून ते सतत नवीन येत राहावं लागतं. नस कापली की येणं बंद, आहे तेवढं संपलं की सार्म-१ नावाचं दुसरं प्रोटीन मोकाट सुटतं आणि ॲक्सॉन स्वतःच स्वतःला मोडून टाकतो. म्हणजे कापलेला तुकडा जखमेने नाही मरत, पुरवठा थांबला म्हणून मरतो. हे सगळं उलगडायला एका उंदराच्या जातीची मदत झाली, १९८९ मध्ये ऑक्सफर्डला लक्षात आलं की या उंदरांचे कापलेले ॲक्सॉन दीड-दोन दिवसांत मरायच्या ऐवजी काही आठवडे तगतात, कारण त्यांच्यात याच एन्झाइमचा जास्त टिकाऊ भाऊ जन्मतःच होता.

बरं, मानेपासून बोटापर्यंत वस्तू आपोआप पसरत गेली तर? पाण्यात साखर पसरते तशी? हिशोब करून बघा, पसरण्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पेशीच्या आत एक-दोन मायक्रॉनला डोळ्याचं पातं लवत नाही तोवर काम होतं, पण पाऊण मीटरला एका साध्या प्रोटीनलासुद्धा शेकडो वर्षं लागतील. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात मानेतून निघालेलं अजून कोपरात असतं. कोणीतरी उचलून न्यायलाच हवं.

कोणीतरी नेतंय याचा पहिला ठोस पुरावा १९४८ चा. पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी प्राण्यांच्या नसेला मधोमध आवळलं आणि थांबले. आवळलेल्या जागेच्या अलीकडे, म्हणजे मुख्य शरीराच्या बाजूला नस फुगली, पलीकडे रोडावली. आवळणं काढलं की तुंबलेलं पुढे सरकलं, दिवसाला साधारण एक-दोन मिलिमीटर. बघा, तोच आकडा! मग १९६० च्या दशकात किरणोत्सारी अमिनो ॲसिड टोचून लोकांनी त्याचा माग काढायला सुरुवात केली, तर कळलं की वेग एक नाहीच. काही माल दिवसाला ४०० मिलिमीटरने सुटतो, म्हणजे मानेतून निघून दोन दिवसांत बोटाला. आणि काही माल खरंच दिवसाला एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे त्याच प्रवासाला दोन वर्षांच्या वर. पुटकुळ्यांसारख्या छोट्या पिशव्या, म्हणजे व्हेसिकल, त्या वेगवान गटात. आणि ॲक्सॉनचा स्वतःचा सांगाडा ज्याचा बनतो ते ट्युब्युलिन, न्यूरोफिलामेंट वगैरे, ते हळू गटात. ॲक्टिन यांच्यापेक्षा जरा बरं, दिवसाला काही मिलिमीटर, पण तेही हळूच. एकाच धाग्यात चारशे पट फरक! त्यामुळे बरीच वर्षं लोक धरून चालले की दोन वेगळ्या यंत्रणा असणार. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

नेणारे कोण, हे मात्र १९८० पर्यंत कोणी पाहिलेलं नव्हतं, कारण दिसतच नव्हतं. साध्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवता येत नाही आणि ज्या रुळांवरून हा माल जातो ते मायक्रोट्युब्यूल २५ नॅनोमीटर जाडीचे. रॉबर्ट ॲलन यांनी मायक्रोस्कोपला व्हिडिओ कॅमेरा जोडला, इलेक्ट्रॉनिक्सने कॉन्ट्रास्ट वाढवला, मागचा धुरकटपणा वजा केला, आणि स्क्विडच्या ॲक्सॉनमध्ये एकदम गर्दी दिसायला लागली, असंख्य बारीक कण दोन्ही दिशांनी चाललेत. स्क्विडच का, तर त्याची पळून जायची नस एक मिलिमीटरपर्यंत जाड असते, आपल्या ॲक्सॉनपेक्षा शेकडो पट, आणि तिच्यातला आतला गर पिळून काचेवर काढता येतो. आणि नवल म्हणजे, स्कॉट ब्रेडी आणि मंडळींनी १९८२ मध्ये दाखवलं की तो गर बाहेर काढून, वरचं आवरण नसतानाही, नुसतं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, दिलं तर तासन्‌तास त्याच्यातली वाहतूक चालू राहते. मालक नाही, घर नाही, तरी हमाल कामावर.

इथे स्टॅनफर्डचा एक विद्यार्थी येतो, रॉन व्हेल. मायकेल शीट्झ यांच्याबरोबर त्याचा अंदाज असा होता की स्नायूतलं मायोसिनच हे ओझं ओढत असणार. तपासायला स्क्विड हवेत, आणि त्या वर्षी, १९८३ ला, एल निनोमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला स्क्विडच आले नाहीत. (एल निनो म्हटलं की आपल्याला फक्त न आलेला पाऊस आठवतो.) मग हे दोघं देशाच्या दुसऱ्या टोकाला, वुड्स होलच्या समुद्री प्रयोगशाळेत गेले, तिथे टॉम रीस आणि ब्रूस श्नॅप भेटले, आणि सगळ्यांनी मिळून आधीचा अंदाजच खोटा ठरवला. कण मायोसिन ज्यावरून चालतं त्या ॲक्टिनवरून नाही, एकेकट्या मायक्रोट्युब्यूलवरून चालत होते. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली, स्क्विडच्या गरातलं नुसतं पाणी काचेवर टाकलं तर मायक्रोट्युब्यूल स्वतःच काचेवरून सरकायला लागायचे, म्हणजे त्या पाण्यात ढकलणारं काहीतरी होतं आणि ते काचेला चिकटून बसत होतं. तेच वेगळं काढलं, १९८५ मध्ये, आणि नाव ठेवलं किनेसिन. पुढे २०१२ चा लास्कर पुरस्कार व्हेल, शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांना मिळाला. मला सारखं वाटतं की त्या वर्षी कॅलिफोर्नियात स्क्विड भरपूर मिळाले असते तर हे लोक घरीच बसून मायोसिन शोधत राहिले असते. हे माझं म्हणणं हो, पुस्तकात नाही लिहिलेलं.

आता किनेसिन चालतं कसं. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ आला असेल, दोन पायांचा एक बारका प्राणी मोठा फुगा ओढत दोरीवरून ऐटीत चाललाय आणि खाली लिहिलेलं असतं की "तुमच्या मेंदूत आनंद असा पोचतो, मायोसिन एंडॉर्फिन घेऊन चाललंय". आमच्या ग्रुपवर तो दर काही महिन्यांनी येतो, खाली दहा हात जोडलेले. ते मायोसिन नाही, किनेसिन आहे, फुगा एंडॉर्फिनचा रेणू नाही, व्हेसिकल आहे, आणि आनंदाचा तिथे काही संबंध नाही. आणि ती ऐटही खोटी. खरं किनेसिन सतत पाण्याच्या रेणूंचे धक्के खात असतं, एक पाय घट्ट, दुसरा पाय भिरभिरत पुढची जागा शोधतोय, सापडली की चिकटतो, मग मागचा सुटतो.

मला हे समजून घ्यायला डभोई लाइनचा उपयोग झाला. बडोदेकरांना माहीत असेल, खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अशी नॅरो गेज लाइन टाकली, देशातली पहिली, आणि सुरुवातीला तिच्यावर इंजिन नव्हतंच, रुळांवरून डबे बैल ओढायचे, वाफेची इंजिनं नियमित व्हायला १८७३ उजाडलं. आगगाडी म्हटलं की चाकं डोळ्यांसमोर येतात, म्हणून पुस्तकातली "रुळांवरची वाहतूक" वाचून माझा घोटाळा व्हायचा. पेशीत चाक नाहीये. रूळ आहेत आणि त्यावर पाय टाकत जाणारं जनावर आहे. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, कारण मायक्रोट्युब्यूलच्या ट्युब्युलिनच्या जोड्याच ८ नॅनोमीटरवर बसवलेल्या असतात, पाय मध्ये कुठे पडूच शकत नाही. १९९३ मध्ये लेझरच्या चिमट्यात धरून हे पाऊल मोजलं गेलं. एका पावलाला एक एटीपी. सेकंदाला शंभरेक पावलं. जोर सहा पिकोन्यूटनच्या आसपास, त्याहून जास्त मागे ओढलं तर थबकतं. दोन्ही पाय आलटून पालटून पुढे येतात, का एकच पाय कायम पुढे आणि दुसरा फरफटत, यावर भांडण होतं, ते २००४ मध्ये एका पायाला चमकणारा रंग लावून मिटलं, रंगवलेला पाय एका आड एका पावलाला सोळा-सोळा नॅनोमीटर उडी मारत होता, म्हणजे आलटून पालटूनच. आणि बैल रिकामा असला की गोठ्यात, ओझं नसलेलं किनेसिन स्वतःला घडी घालून गप्प पडतं, फुकट एटीपी जाळत नाही.

रुळांना दिशा असते. ॲक्सॉनमध्ये सगळ्या मायक्रोट्युब्यूलची प्लस टोकं बोटाकडे, मायनस मानेकडे, आणि वाहतुकीतले बहुतेक किनेसिन प्लसकडेच जातात. माणसात किनेसिनच्या घराण्याचे ४५ जीन आहेत, टोकियोच्या नोबुताका हिरोकावांनी यातल्या कितीतरींची कुंडली मांडली. मग उलटं, बोटाकडून मानेकडे कोण आणतं? ते डायनीन. त्याचा एक नातलग इयान गिबन्स यांना १९६० च्या दशकातच सापडला होता, एका एकपेशीय जीवाच्या हलणाऱ्या केसांत, पण पेशीच्या आत माल ओढणारं डायनीन १९८७ ला कळलं. किनेसिनपेक्षा कितीतरी अवाढव्य आणि चालायला वेडंवाकडं. आणि इथे आपला माणूस येतो, रूप मल्लिक. २००४ मध्ये, ते कॅलिफोर्नियात असताना, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ओझं नसेल तर डायनीन २४-३२ नॅनोमीटरच्या लांब ढांगा टाकतं आणि ओझं वाढलं की ढांग लहान करत ८ वर येतं. चढावर गिअर बदलतो तसं. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, त्यांच्या गटाने दाखवलं की एकटं डायनीन किनेसिनपुढे दुबळं, पण डायनीनचा जमाव एकत्र ओढायला लागला की ओझं वाटून घेतो, किनेसिनना ते तितकं जमत नाही. म्हणजे एकटा पहिलवान एकीकडे आणि जुंपून घेणाऱ्या जोड्या दुसरीकडे. २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

या परतीच्या वाटेचा गैरफायदा घेणारेही आहेत. कुत्रं चावलं की रेबीजचा विषाणू जखमेतल्या नसेत शिरतो आणि याच डायनीनच्या जिवावर मेंदूकडे निघतो. म्हणून चेहऱ्याला चावलेलं पायाला चावल्यापेक्षा जास्त धोक्याचं, वाट छोटी ना. आणि म्हणूनच इंजेक्शनला "उद्या बघू" चालत नाही, विषाणू नसेत शिरायच्या आत गाठायचा असतो. धनुर्वाताचं विषसुद्धा याच वाटेने जातं. पण चांगली कामंही तीच वाट करते. भावजींची नस कापली गेली ही बातमी मानेतल्या केंद्रकाला कशी कळली असेल? विजेचा झटका तर लगेच गेला, पण त्याच्या मागून, तासा-दिवसांच्या हिशोबाने, कापलेल्या टोकाशी तयार झालेली काही प्रोटीनं डायनीनला बांधून मानेकडे निघाली, आणि ती पोचली तेव्हा कुठे त्या पेशीने तिचं रोजचं काम बाजूला ठेवून वाढीची जीनं चालू केली. म्हणजे सुरुवातीला जे काही आठवडे "काहीच होत नाहीये" म्हणून भावजी कुरकुरत होते ना, तेव्हा बरंच काही चाललं होतं.

आता तो एक मिलिमीटर. हळू माल कोण नेतं? लोक वर्षानुवर्षं हळू चालणारं मोटर प्रोटीन शोधत होते. सापडलं नाही. २००० साली अँथनी ब्राउन आणि इतरांनी उंदराच्या न्यूरॉनमध्ये न्यूरोफिलामेंटना चमकणारं प्रोटीन जोडलं आणि नुसते बघत बसले. आणि न्यूरोफिलामेंट निघाले की चांगले सुसाट निघत होते, वेगवान व्हेसिकलच्या तोडीने. फक्त, थोडं जायचे आणि थांबायचे. बराच वेळ थांबायचे. मग परत थोडं, कधी तर उलटंही. पुढे हिशोब केला तेव्हा जवळजवळ ९७ टक्के वेळ थांबलेले निघाले. म्हणजे हळू मोटर अशी काही भानगडच नव्हती, तेच किनेसिन, तेच डायनीन, तोच वेग, फक्त मुक्काम जास्त. किनेसिन सेकंदाला अर्धा मायक्रॉन धावलं आणि शंभरातले तीनच सेकंद धावलं तर दिवसाचा हिशोब होतो साधारण १.३ मिलिमीटर. मी हे कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. येतो तेवढाच.

मला हे फार म्हणजे फारच आवडलं, कारण आपण हळू म्हटलं की आपोआप अशक्त, मरगळलेलं असं काहीतरी समजतो. मायटोकॉन्ड्रियाचंही, म्हणजे पेशीतल्या वीजघरांचंही, असंच, एका वेळी बहुतेक मायटोकॉन्ड्रिया ॲक्सॉनमध्ये उभेच असतात, आणि जिथे कॅल्शियम वाढलंय, म्हणजे जिथे नस कामात आहे, तिथे ते मुद्दाम थांबवले जातात, कारण ऊर्जा तिथेच लागणार. थांबणं म्हणजे तिथे काम करणं. न्यूरोफिलामेंट थांबलेला असतो तेव्हा तो ॲक्सॉनचा सांगाडा असतो, चाललेला असतो तेव्हा माल असतो. संध्या कौशिका, त्याही टीआयएफआरच्या, पारदर्शक जंतांच्या नसांत हे बघतात, जिवंत जंतात. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ॲक्सॉनमध्ये जिथे ॲक्टिन दाटलेलं असतं तिथे व्हेसिकल अडकून उभ्या राहतात, निरोगी जंतातसुद्धा, आणि तरी बाकीच्या त्यांच्या बाजूने निघून जातात.

आणि नस वाढायला काय लागतं? नवा सांगाडा. ट्युब्युलिन, ॲक्टिन, नेमका हळू गटातला माल. वाढीचा वेग आणि या मालाचा वेग एकमेकांच्या जवळ आहेत हे लोकांच्या फार आधी लक्षात आलं होतं. बरं, भावजींना मानेतून निघालेल्या ताज्या मालाची दोन वर्षं वाट बघावी लागत नाही, कारण मानेपासून मनगटापर्यंत वाटेत आधीच मुक्कामाला असलेला माल भरपूर असतो, तोच पुढे वापरायचा.

हे भावजींना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, म्हणजे माझ्या हातात ९७ टक्के सुट्टी चालू आहे." म्हटलं, "भावजी, तुमच्या ऑफिससारखं समजू नका, ते थांबलेत तिथे काम करतायत." पण त्यांना खरी करमणूक सापडली ती टॅप करण्यात. फिजिओवाल्या बेन मनगटापासून पुढे नसेच्या रेषेवर बोटाने हलकं टकटक करत जायच्या आणि एका जागी भावजींना बोटाकडे झिणझिण्या जायच्या, तिथे पेनाने खूण. नव्या धाग्याचं कोवळं टोक तिथपर्यंत आलंय असा त्याचा अर्थ. पुढच्या वेळी खूण तळहाताकडे सरकलेली. याला टिनेलची खूण म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल आणि जर्मन डॉक्टर पॉल हॉफमन, दोघांनी आपापल्या जखमी सैनिकांच्या हातापायांवर टकटक करून हे वेगवेगळं लिहिलं, समोरासमोरच्या सैन्यांत असताना. पुढे भावजींची जाणीव परत येऊ लागली, पण जरा गोंधळ होऊन, तर्जनीला हात लावला की मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटायचं, कारण काही धागे चुकीच्या नळीत शिरतात. मग डोळे मिटून वाटीतले राजमे, वाटाणे, चणे ओळखायचा व्यायाम, मेंदूला नवा नकाशा शिकवायला. आता गिअर, मोबाइल, शर्टाची बटणं, सगळं जमतं. बारीक सुई अजून नाही.

या सगळ्यात सासूबाई शांतपणे ऐकत होत्या, आणि एक दिवस म्हणाल्या, "मग माझ्या पायाचं काय गं?" त्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे आणि तळव्यांना मुंग्या येतात. इतके दिवस मी हे वाचतेय आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. शरीरातली सगळ्यात लांब पेशी कुठली, तर कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतची, जवळजवळ एक मीटर. पुरवठा कुठल्याही कारणाने ढिला झाला तर सगळ्यात आधी टंचाई कुठे जाणवणार, लाइनीच्या शेवटच्या स्टेशनला. डायबेटिसमध्ये नसा बिघडायची कारणं अनेक आहेत, बारीक रक्तवाहिन्या, साखरेचे रासायनिक परिणाम, आणि ही वाहतूकही त्यातली एक. म्हणून सुरुवात दोन्ही अंगठ्यांपासून होते, वर वर चढते, आणि मुंग्या गुडघ्याच्या आसपास आल्या की मग हाताच्या बोटांची पाळी येते, कारण तोवर त्या दोन लांबी साधारण सारख्या झालेल्या असतात. कॅन्सरची काही औषधं, व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, यांचंही तेच, ती मायक्रोट्युब्यूललाच धरतात, वाढणाऱ्या पेशीचे तर धरतातच पण नसेतलेही रूळ धरतात, आणि पेशंट सांगतो की पायात मोजे घातल्यासारखं वाटतंय.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं नाही, त्यांना मोज्यापर्यंतच सांगितलं. त्यांच्या डॉक्टरांनी १२८ हर्ट्झचा तो घुमणारा चिमटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क, पायाच्या अंगठ्यावर ठेवला, तिथे काही कळलं नाही, घोट्यावर कळलं. साखर आवरा, रोज रात्री आरसा धरून तळवे बघा, काही टोचलंय का, फोड आलाय का, कारण दुखून तुम्हाला कळणार नाही, आणि अनवाणी अजिबात फिरायचं नाही, घरातसुद्धा. बाकी सगळं त्यांनी मान्य केलं. आरसा तर त्या रोज धरतात, आणि "ये गं जरा, हा डाग जुनाच आहे ना" म्हणून मला हाक मारतात. पण स्वयंपाकघरात आणि देवघरासमोर चप्पल? चौदा वर्षांच्या होत्या तेव्हापासून या घरातल्या देवांची पूजा त्या करतायत, त्यांच्यासमोर पायात रबर घालून उभं राहायचं? भावजींनी कापडी तळव्याची नवी कोरी सपाता आणून दिलीय, "ही बाहेर गेलेलीच नाही आई, ही चप्पल नाहीच," असा युक्तिवाद चालू आहे. सध्या ती सपाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते. देवघराचं बोलणं अजून चाललंय.